जुन्या घरगुती ठासणीच्या रायफलीला नवा दस्ता

ओहायोकर

ही ठासणीची रायफल, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, कुठल्या कारखान्यातून आलेली नाही. ओहायोतल्या एका शेतकऱ्याने ती आपल्या कोठाराशेजारच्या खोलीत स्वतःच्या हाताने घडवली. नळीच्या खालच्या पैलूवर दोन आद्याक्षरं आणि '६४' (म्हणजे १९६४) हा आकडा ठोकलेला आहे. ते गृहस्थ कधीच गेले. त्यांचे धाकटे भाऊ आमच्या शेजारी राहतात. त्यांनी ती मोडक्या अवस्थेत माझ्या हवाली केली आणि जमलं तर पुन्हा उभी कर, एवढंच म्हणाले. काम आता पुरं झालंय. ठासणीच्या बंदुकीच्या लाकूडकामाबद्दल मराठीत वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नळी आठ पैलूंची आहे, पैलू ते पैलू १५/१६ इंच, आणि छिद्र .४५ चं. आत फिरत्या खाचा आहेत म्हणून ही रायफल. आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. चकमक नाही, केपेवर उडते; केप म्हणजे ठोक्याने पेटणारी छोटी टोपी. लाकूड अर्ध्या नळीपर्यंतच येतं आणि पुढे नळीखाली लोखंडी पट्टी आहे. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी एकोणिसाव्या शतकात ज्या धाटणीच्या रायफली बनवल्या, त्याच वळणाची. चापाभोवतीची कमान पितळेची पट्टी वाकवून केलेली, तिच्यावर हातोडीचे ठोके अजून दिसतात. खांद्याला टेकणारी पाटीही पितळेच्या पत्र्याची, आणि तिचे दोन स्क्रू दोन वेगळ्या जातींचे. दस्ता, म्हणजे बंदुकीचं लाकूड, मात्र मुठीपाशी आरपार मोडलेला, आणि कुणीतरी त्यात इपॉक्सी ओतून वरून तांब्याची तार गुंडाळलेली.

आधी सुरक्षिततेचं. जुनी ठासणीची बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं. गज, म्हणजे बार ठासायची काठी, नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक केप बसते तिथल्या छिद्रापर्यंत पोचलं पाहिजे. इंच-दीड इंच अलीकडे थांबलं तर आत बार, म्हणजे भरलेली दारू आणि गोळी, आहे असं समजायचं आणि बंदूक जाणकाराकडे न्यायची. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते. या नळीत गज आधी अर्ध्यातच अडला. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं. ते काढल्यावर टोक बरोबर पोचलं, नळी रिकामी होती.

नळीचं मागचं बूच उघडणं हे माझं काम नव्हे. ते इथल्या परवानाधारक गनस्मिथकडून करून घेतलं. घरगुती बंदुकीत खरा धोका इथेच असतो. बुचाला आटे किती आहेत, ते नळीच्या आट्यांत घट्ट बसतात की नाही, बुचाचं तोंड आतल्या खांद्याला टेकतं की मध्ये फट राहते, हे बाहेरून कळत नाही. फट राहिली की तिथे दारूची राख साचते, राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड आतून खाल्लं जातं. या शेतकऱ्याचं काम बघून गनस्मिथ खूश झाला. आटे भरपूर आणि स्वच्छ निघाले, बूच आणि नळी यांच्यावरून एकच छिन्नीची खूण मारलेली होती, आणि परत बसवल्यावर ती रेघ तंतोतंत जुळली. निपल (केप जिच्यावर बसते ती छोटी नळी) ज्या आडव्या नळकांड्यावर बसतं त्याचे आटे मात्र सैल झाले होते. ते नळकांडं आणि निपल दोन्ही त्याने नवीन बसवलं. खाचांच्या कडा अजून धारदार आहेत, थोडी गंजाची टोचणी आहे ती आहे.

हे सगळं झाल्यावरच लाकडाला हात लावला. नळीच जर टाकाऊ निघाली असती तर दस्त्यावर घातलेली मेहनत भिंतीवर टांगण्यापुरतीच राहिली असती.

लाकूड घेतलं स्थानिक मेपलचं. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस घराण्यांतल्या कारागिरांनी लांब रायफली बनवायला घेतल्या, तेव्हापासून इकडे मेपलचीच चाल आहे. फळी निवडताना नक्षीपेक्षा मुठीच्या जागी रेघा कशा धावतात ते बघितलं. मूठ हा दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग. वरून नळीची शेपटी (बुचाची मागे येणारी पट्टी), बाजूने लॉक (घोडा उडवणारी यंत्रणा), खालून चाप, असं तिन्हीकडून तिथलं लाकूड कोरलं जातं. रेघा मुठीच्या वळणाबरोबर लांबीने गेल्या तर ती टिकते, तिरक्या बाहेर पडल्या तर आज ना उद्या मोडते. जुना दस्ता नेमका असाच मोडला होता. त्याच्या मुठीत रेघा तिरक्या उतरलेल्या स्पष्ट दिसतात.

कोरण्याचा क्रम बदलता येत नाही. आधी नळी, मग तिची शेपटी, मग लॉक, शेवटी चाप. केपेवर आपटणारा घोडा निपलवर सरळ पडायला हवा, आणि निपल नळीवर आहे, त्यामुळे नळी पक्की बसल्याशिवाय लॉकची जागा ठरत नाही. लॉकमधली जी आडवी दांडी चाप उचलतो, तिची जागा कळल्याशिवाय चाप कुठे टांगायचा ते ठरत नाही. बाहेरून लाकूड तोवर चौकोनीच ठेवायचं, कारण पटाशी चालवताना पकडायला आणि मापं घ्यायला सरळ बाजू लागतात.

आठ पैलूंची नळी लाकडात बसवायची म्हणजे तळाचा पैलू, दोन तिरके आणि दोन उभे, सगळे एकाच वेळी टेकले पाहिजेत. नळीला खालून तेलात कालवलेली काजळी लावायची, खोबणीत दाबून उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे उंचवटा आहे, तेवढाच खरवडायचा. सुरुवातीला दोन-चार ठिपके उमटतात, मग पट्टे, आणि शेवटी सगळी खोबण एकसारखी काळी होते. या कामात मी पॉलिश पेपर अजिबात वापरला नाही. त्याने कडा गोल होतात आणि लाकूड व लोखंड यांच्यात दिसणारी ती बारीक सरळ रेघ कायमची जाते.

नळी दस्त्याला धरून ठेवणारी चपटी किल्ली नळीखालच्या कडीतून जाते. त्या कडीतलं भोक मी लांबट ठेवलं. आमच्याकडे हिवाळ्यात घरातली हीटिंग लाकूड सुकवते आणि जुलैत तेच लाकूड फुगते. लोखंड आपल्या जागी राहतं आणि लाकूड हलतं. त्याला सरकायला जागा नसेल तर दस्त्याला चीर पडते.

रंगासाठी जुनी रीत वापरली: लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल. ते तयार विकत आणलं. घरी बनवताना निघणारा तपकिरी धूर विषारी असतो, त्या वाटेला कुणी जाऊ नये. मेपलवर लावलं की लाकूड हिरवट, आजारी दिसायला लागतं. मग हीट गन फिरवली की डोळ्यांदेखत हिरव्याचं लालसर तपकिरी होतं आणि लाकडातल्या आडव्या लाटा वर येतात. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यायचे.

पितळेची कमान, पाटी, हाताने कानशीने घासून केलेली नेम धरायची मागची माशी, सगळं मूळचंच ठेवलं. ठोक्यांच्या खुणाही घासल्या नाहीत. ही एका शेतकऱ्याची रायफल आहे, तिला लँकेस्टरच्या उस्तादाची नक्कल बनवण्याचा मला अधिकार नाही, असं मला मनापासून वाटतं.

रंधा

फारच सुंदर लिहिलंय. मी फर्निचरचं काम करतो, त्यामुळे खोबणीचा भाग पुन्हा पुन्हा वाचला. काजळीची युक्ती आमच्याकडे दरवाजाचं जड बिजागर बसवताना वापरतात, पण पाच पैलू एकदम टेकवायचे म्हणजे हात फार शांत लागतो.

दोन प्रश्न. नळीखाली गज ठेवायचं लाकडातलं भोक कसं पाडलंत? आणि सागवान चाललं असतं का? आपल्याकडे सागवान हवेत सगळ्यात कमी हलतं.

ओहायोकर

रंधा, धन्यवाद. गजाचं भोक हाच या कामातला जिवावरचा भाग. दस्ता अर्धा असल्यामुळे माझं थोडक्यात निभावलं. पुढे नळीखाली पट्टी आहे, तिथे गज उघडाच असतो. लाकडातून फक्त पुढच्या हातापासून चापाच्या अलीकडेपर्यंत जावं लागलं. त्यासाठी ३/८ इंचाचं लांब ड्रिल वापरलं. आधी नळीखालच्या पन्हाळीत त्याची दांडी वरून पट्टी आवळून सरळ धरली आणि हळू पुढे सरकवलं. नळीची खोबण आणि गजाचं भोक यांच्यामध्ये साधारण १/८ इंच लाकूड राहायला हवं. ड्रिल लाकडाच्या रेघांबरोबर भरकटतं. वर गेलं तर खोबणीत उघडतं, खाली गेलं तर दस्त्याच्या पोटातून बाहेर येतं. दर थोड्या अंतराला थांबून भुसा बाहेर काढला आणि तारेने खोली मोजली.

सागवान हलत नाही हे खरं, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार लगेच जाते, आणि पातळ कडा कोरताना ढलपी उडते. बंदुकीला अक्रोड किंवा मेपल. अक्रोड वजनाला हलकं, धक्का सोसणारं आणि कोरायला गोड. म्हणून तर जगभरच्या कितीतरी सैन्यांनी रायफलीला अक्रोड वापरलं.

सावंतवाडीकर

धागा वाचून अंगणातली बंदूक डोळ्यांसमोर आली. आमच्या घरी आजोबांच्या नावावरची ठासणीची एकनळी आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना, आता बाबांच्या नावावर. माकडं आणि डुक्कर यांनी भात आणि नारळ कुणाला लाभू दिलेला नाही. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, मग निकालानंतर परत आणायची. या ने-आणीत गेल्या वेळी दस्त्याला मुठीजवळ चीर गेली. बाबा म्हणतात गावातला सुतार चांगला आहे, त्याच्याकडून नवीन दस्ता करून घेऊ. तुमचं वाचून मलाही वाटलं की घरच्या घरी करता येईल. काय म्हणता?

कायद्याचं_बोला

सावंतवाडीकर, घरच्या घरी नको, आणि गावच्या सुताराकडेही नको. कृपा करून हे मनावर घ्या.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण कलम ५ नुसार शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं आणि दुरुस्त करणं यालाही वेगळा परवाना लागतो. बाबांचा परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. सुताराकडे तर कुठलाच नाही. बंदूक त्याच्या दुकानात नुसती ठेवलीत तरी तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरू शकतो. बिचारा भल्यासाठी काम घेईल आणि गुन्ह्यात अडकेल.

मार्ग सरळ आहे. जिल्ह्यातल्या किंवा जवळच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, ज्याच्याकडे दुरुस्तीचाही परवाना आहे, त्याच्याकडे मूळ परवाना घेऊन जा, रीतसर पावती घ्या. आधी पोलीस ठाण्यात विचारून घेतलंत तर आणखी बरं.

याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे १९५९ साली दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांनाही शेतकऱ्याची ही गरज ठाऊक होती. तेव्हा परवाना जपा. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

ओहायोकर

पूर्ण सहमत. मी जे लिहिलंय ते ओहायोतलं आहे, भारतात जसंच्या तसं करू नये. सावंतवाडीकर, दुरुस्तीला जाईपर्यंत चिरलेल्या दस्त्याची बंदूक अजिबात उडवू नका. मूठ तुटली तर नळीची मागची बाजू थेट तोंडाकडे येते. चिरेत फेव्हिकॉल किंवा तेल घालू नका. तेल मुरलेल्या लाकडाला नंतर कुठलाच गोंद धरत नाही.

एडिसनकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी भर घालतो. केंद्राच्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधीची बंदूक, तसंच काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस न घेणारी ठासणीची रायफल, ही 'अँटिक' धरली जाते. त्यामुळे १९६४ ची घरगुती रायफलही त्यात बसते. पण राज्यांचे नियम वेगळे आहेत. आमच्या न्यूजर्सीत ठासणीची रायफल विकत घ्यायलाही राज्याचं फायरआर्म्स ओळखपत्र लागतं. ओहायोत चाललं म्हणून इथे चालेल असं धरू नका, आधी आपल्या राज्याचं वाचा.

तोडेदार

केपेचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी रंजक, म्हणजे बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू, भडकतं आणि क्षणभराने बार उडतो. त्या झगमगाटाने पक्षी सावध होतात. त्यांनी ठोक्याने पेटणारं रसायन वापरून लॉक बनवलं आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच तांब्याची केप आली. केपेमुळे पावसात बंदूक उडण्याची खात्री कितीतरी वाढली. सह्याद्रीत तोड्याच्या बंदुका घेऊन पावसाळ्यात उतरणाऱ्या माणसांना पेटता तोडा, म्हणजे बार पेटवायची जळती दोरी, कोरडा ठेवायला काय यातायात करावी लागत असेल, त्याची कल्पना करा.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत. दस्त्याकडे बघायला हा धागा शिकवतो. एरवी सगळ्यांचं लक्ष नळीवर आणि नक्षीवरच जातं.

जुनंच_बरं

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मला ठाम असहमती नोंदवायची आहे. मी वस्तुसंग्रहालयांसाठी जतनाचं काम करते. आमच्याकडे पहिला नियम असा की मूळ भाग बदलण्याआधी तो वाचवायचे सगळे मार्ग तपासायचे. त्या शेतकऱ्याने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे तो दस्ताच ना? नळी कदाचित विकतची असेल, लॉक तर बहुधा विकतचंच. लाकूड मात्र त्याच्या हातचं. तेच तुम्ही काढून टाकलंत आणि पितळेचे ठोके जपले. इपॉक्सी उष्णतेने मऊ करून काढता येतं, मुठीत आतून दांडी घालून तुकडे सांधता येतात.

ओहायोकर

जुनंच_बरं, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि या प्रश्नाने मलाही बराच काळ थांबवलं होतं. भिंतीवर ठेवायची असती तर मी तुम्ही म्हणता तसंच केलं असतं. पण शेजारच्या आजोबांची इच्छा ती पुन्हा उडावी अशी होती. त्यांच्या भावाने ती उडवण्यासाठीच बनवली होती. उडवायची म्हटलं की हिशेब बदलतो. रेघा तिरक्या असलेली मूठ, आत दांडी घालून कितीही नीट सांधली तरी, दर वेळी गालापासून चार बोटांवर धक्का खाणार. तिथे माझ्या सांध्यावर मी दुसऱ्या कुणाचा चेहरा पणाला लावणार नाही.

जुना दस्ता टाकलेला नाही. तारेसकट, इपॉक्सीसकट, जसा आला तसा आजोबांकडे परत दिलाय. नवा दस्ता करताना त्याची सगळी मापं घेतली: चापापासून खांद्यापर्यंतची लांबी, गालाच्या जागेचा उतार, पुढच्या टोकाचा आकार. सर्वसाधारण लांबी साडेतेरा इंचांच्या आसपास असते, ही त्याहून बरीच कमी आहे. माणूस अंगाने लहान असणार. ती लांबी मी वाढवली नाही. नव्या दस्त्यावर आत, नळीखाली, हे काम कुठल्या साली झालं ते कोरून ठेवलंय, म्हणजे पुढे कुणी नळी उचलली तर लाकूड १९६४ चं समजून फसणार नाही.

जुनंच_बरं

जुना दस्ता राखलात आणि नव्यावर साल कोरलंत, हे वाचून बरं वाटलं. हे दोन्ही मूळ लेखात यायला हवं होतं. मी अजूनही सांधण्याच्या बाजूची आहे, पण उडवायच्या बंदुकीसाठी तुमचं कारण मला मान्य आहे. जुन्या दस्त्याला एक विनंती: आजोबांना सांगा, तो तळघरात नको. ओल आणि कीड दोन्ही लागते. सुती कापडात गुंडाळून घराच्या राहत्या भागात ठेवा, प्लास्टिकमध्ये बंद करू नका.

रंधा

मग उडवली का? ते लिहिलंच नाहीत!

ओहायोकर

हो, उडवली. इथल्या क्लबच्या रेंजवर, गनस्मिथच्या देखरेखीखाली. पहिले बार हातात धरून नाही. रायफल जुन्या टायरला आवळून बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि सगळे आडोशाला गेलो. नंतर बूच, नळकांडं, निपल, मूठ सगळं भिंगाखाली तपासलं. कुठे हालचाल नाही, दस्त्याला केसाएवढीही चीर नाही. मग आजोबांनी स्वतः खांद्याला लावली. त्यांना ती लांबी अगदी बरोबर बसली.

सांगायलाच हवं असं एक: ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय चालतो. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू घातली तर नळी फुटू शकते, प्रमाण कितीही कमी असलं तरी. आणि काळ्या दारूची राख पाणी ओढते, त्यामुळे त्याच दिवशी पाण्याने धुवून, कोरडी करून, तेल लावायचं. उद्यावर टाकलं की गंज चढलाच.

सावंतवाडीकर

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. सुताराचा बेत रद्द. परवाना घेऊन रत्नागिरीला की कोल्हापूरला, ते चौकशी करून ठरवतो. एक शेवटचं: जवसाचं तेल म्हणजे आपण क्रिकेटच्या बॅटला लावतो तेच का? दुरुस्त होऊन आल्यावर दस्त्याला लावायला घरात आहे.

ओहायोकर

बॅटला लावतात ते कच्चं तेल, ते सुकायला फार वेळ घेतं. दस्त्याला 'बॉइल्ड' लिहिलेलं जवसाचं तेल घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हाताच्या तळव्याने अगदी पातळ चोळायचं, थोड्या वेळाने जादा पुसून घ्यायचं, पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. जाड थर दिलात तर चिकट राहतो आणि धूळ धरतो.

पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या चिंधीतून ती बाहेर पडू शकली नाही तर चिंधी आपोआप पेट घेते. अंगणात दोरीवर मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.